आधी हॉर्मोनचं विचारा

माझी पहिली एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी रात्री झोपताना घ्यायची होती आणि माझं कामच रात्री सुरू व्हायचं. त्या गोळीत तेव्हा एफाविरेन्झ असायचं. घेतली की डोकं गरगरायचं, पाय जमिनीवर ठरायचे नाहीत, पहाटे डोळा लागलाच तर भलभलती स्वप्नं पडायची. "घ्यायची आणि झोपायचं," असं समुपदेशक मॅडमनी सांगितलेलं. झोपून राहिले असते तर खोलीचं भाडं कुठून दिलं असतं आणि गुरूच्या हातावर काय ठेवलं असतं? रात्री तू काय करतेस, हे त्यांनी विचारलं नाही. मीही आपणहून बोलले नाही.

त्यात गुरुबहिणीनं सांगितलं, "ही गोळी खाल्लीस की छाती बसणार." मी विशीची होते. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून खायचे, आरशात रोज थोडा थोडा बदल दिसायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं होत होतं. एआरटी केंद्रात भीत भीत विषय काढला, तर "अफवांवर विश्वास ठेवू नको" एवढंच उत्तर मिळालं. एफाविरेन्झमुळे रक्तातलं इस्ट्रोजेन कमी होऊ शकतं, हे मला खूप पुढं एका डॉक्टरकडून कळलं. म्हणजे गुरुबहीण काही अगदीच हवेत बोलत नव्हती. ज्या टेबलावर छातीबद्दल बोलायची सोय नाही, त्या टेबलावरचं रक्ताबद्दलचं बोलणं विशीतली पोरगी कशाला ऐकेल?

आणि खिडकीवरून नाव पुकारलं जायचं ते आधारवरचं, बापानं ठेवलेलं. साडी नेसलेली मी उठायचे आणि अख्खी रांग मान वळवून बघायची. एकदा उठलेच नाही, तशीच बाहेर पडले आणि गोळ्या सुटल्या. पुढं मानेत गाठी आल्या, टीबी निघाला, प्रतिकारशक्ती दाखवणारा सीडी-फोरचा आकडा पार तळाला गेलेला. त्यातून वाचले आणि आता एका संस्थेत आउटरीचचं काम करते. उपचार अर्धवट सोडलेल्या पोरी शोधून आणणं, हेच ते काम.

गोळी आता बदलली आहे. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली ही गोळी सकाळी, दुपारी, जमेल त्या एका ठरलेल्या वेळी घेता येते. ती इस्ट्रोजेनला मारक ठरत नाही. पण वस्तीत अजून जुनीच गोष्ट फिरते, म्हणून हे स्पष्ट शब्दांत आणि न विचारताच सांगावं लागतं. सोबत एक खबरदारीही सांगावी: लोहाची, कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आणि गर्भनिरोधक पाकिटं मनानं खाणाऱ्या पोरीला ओरडण्याऐवजी हॉर्मोनच्या डॉक्टरकडे न्यावं. त्या पाकिटातल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, तंबाखू-सिगारेट असेल तर जास्तच.

हे सगळं एका छपराखाली करून दाखवलेलं आहे. २०२१ मध्ये हैदराबादला 'मित्र' क्लिनिक निघालं, मागोमाग कल्याण आणि पुण्यात. हॉर्मोनचा सल्ला, मनाच्या दुखण्यावर उपचार आणि एचआयव्हीची तपासणी तिथं एकत्र व्हायची, आणि काम करणाऱ्यांत आमचीच माणसं होती. हॉर्मोनसाठी आलेली पोरगी जाता जाता रक्त तपासून घ्यायची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही ठिकाणं बंद पडली. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, आम्हा ट्रान्सजेंडर लोकांत सरकारी पाहणीतच ते तीन टक्क्यांच्या वर निघालं, आणि तरी हा कारभार परक्याच्या खिशावर चालला होता. याचा मला राग आहे. तो लपवायचं कारण दिसत नाही.

तोवर हाताशी आहे त्यात काय जमतं? पोरींनो, सौंदत्तीची जत्रा, अजमेरचा उरूस, कूवागम, कुठंही निघालात तर आधी गोळ्या मोजा. तब्येत स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांच्याही मिळू शकतात, मागायला लाजू नका. शहर बदललं तर केंद्रातून रीतसर ट्रान्सफर घ्या. डबी पर्समध्ये खुळखुळते म्हणून घरी ठेवून जाऊ नका, आत थोडा कापूस घाला. गोळी नेमानं घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. हे तुमच्या पार्टनरलाही ऐकवा.

गुरूंना हात जोडून सांगते, तारखेच्या दिवशी चेलीला मांगतीला, पैसे मागायला, पाठवू नका आणि तिची कागदं आपल्या पेटीत ठेवू नका.

केंद्रातल्या ताई-दादांनो, नावाऐवजी नंबर पुकारायला सरकारी आदेशाची वाट कशाला? आणि संमतीशिवाय कुणाचं एचआयव्हीचं निदान उघड करायला सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदा मनाई करतो. त्यात आईबापाचा आणि गुरूचा अपवाद नाही, हे सज्ञान पोरीच्या बाबतीत तरी पक्कं लक्षात ठेवा.

एक गट मात्र आमच्याही यादीतून सुटतो: ट्रान्स मुलगे. मुलगी म्हणून वाढवलेली ही मुलं टाळ्या वाजवत सिग्नलवर दिसत नाहीत, म्हणून त्यांना धोका नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो. त्यांनाही विचारा, कुणाशी संबंध येतात, निरोध वापरता का, सुई नवी असते का. आणि टेस्टोस्टेरॉननं पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, हेही त्याच भेटीत सांगा.