इंग्रजी वाक्यांतील कार्यकारणभाव

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे 'का?' या प्रश्नाचे उत्तर त्या भाषेत देण्याचा प्रसंग मुलांवर लवकर येतो. या उत्तरांतील चुकांचे मूळ पुष्कळदा विचारात नसून मराठीच्या वळणात असते, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

मराठीत 'जर–तर', 'ज्याअर्थी–त्याअर्थी' अशी अव्यये जोडीने येतात. त्या सवयीने मूल लिहिते, 'बिकॉज इट रेन्ड, सो वुई स्टेड ॲट होम.' इंग्रजीत अशा संबंधास एकच अव्यय पुरते. 'बिकॉज इट रेन्ड, वुई स्टेड ॲट होम' किंवा 'इट रेन्ड, सो वुई स्टेड ॲट होम' ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. पहिल्यात अव्यय कारणास जोडले आहे, दुसऱ्यात परिणामास.

दुसरा भेद असा की, 'बिकॉज'पुढे कर्ता व क्रियापद असलेले वाक्य येते, तर 'बिकॉज ऑफ'पुढे नाम येते. जसे, 'बिकॉज इट रेन्ड', परंतु 'बिकॉज ऑफ द रेन'. मराठीत 'पाऊस पडल्यामुळे' व 'पावसामुळे' या दोहोंत 'मुळे' हेच अव्यय चालते. म्हणून हा भेद मुलांना सहज जाणवत नाही.

'सिन्स' व 'ॲज' ही अव्यये बहुधा श्रोत्यास ठाऊक असलेले कारण सांगताना येतात. 'व्हाय'ने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ मात्र 'बिकॉज'नेच करावा. शिवाय 'सिन्स'चा 'पासून' असा कालवाचक अर्थही आहे. 'फॉर' हे मुख्य विधानानंतर येते व ते विशेषतः ग्रंथभाषेत आढळते. म्हणून प्रारंभी 'बिकॉज' व 'सो' हीच दोन अव्यये पक्की करून घ्यावीत.

अभ्यासासाठी फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: 'देअर वॉज अ फ्लड.' 'द बस डिड नॉट कम.' मुलांनी ती प्रथम 'सो'ने, नंतर 'बिकॉज'ने जोडावीत. शेवटी 'बिकॉज ऑफ द फ्लड' अशी रचना करावी.

दोन अव्यये योजणाऱ्या मुलाच्या वहीत नुसती तांबडी फुली मारू नये. कारण कोणते व परिणाम कोणता, हे त्याने अचूक ओळखलेले असते; केवळ एक अव्यय अधिक झालेले असते. ते कोणते गाळावे, हे त्यालाच ठरवू द्यावे.