एका दिवसाची वाट : पुणे ते सासवड

मुलांनो, आपल्या तळवलीला आणि आजूबाजूच्या गावांना पायी यात्रा काही नवी नाही. चैत्र महिना आला की ठाणे-रायगडकडची आगरी-कोळी मंडळी एकवीरा आईची पालखी घेऊन कार्ल्याच्या डोंगराकडे चालू लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, काका, मामा जाऊन आले असतील. मोठे झालात की तुम्हीही जाल. म्हणून आज आपण लांब चालण्याचा धडा शिकू या. उदाहरण घेऊ पंढरीच्या वारीतल्या एका दिवसाचे.

वारीची ओळख

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातून ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघते. तिला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी लावून दिली. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे २५० कि.मी. आहे. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपुरात पोहोचते.

या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा म्हणजे पुणे ते सासवड. अंतर सुमारे ३० कि.मी., आणि त्यात दिवे घाटाचा चढ! शिवाय त्या दिवशी बहुधा एकादशी असते, म्हणजे वारकऱ्यांना उपवास असतो.

चालण्याचे गणित

३० कि.मी. म्हणजे ३०,००० मीटर. मोठ्या माणसाचे एक पाऊल साधारण ६० सें.मी. धरले, तर पावले किती होतील? ३०,००० भागिले ०.६० म्हणजे ५०,००० पावले!

आता वेळ काढू. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला ५ कि.मी. चालतो. म्हणजे ६ तासांत सासवड यायला हवे. पण तसे होत नाही. सकाळी ६ वाजता निघालेला माणूस संध्याकाळी ६ च्या पुढेच पोहोचतो. त्यातले ४ तास विसाव्याचे सोडले तरी चालणे ८ तासांचे होते. म्हणजे वेग ताशी पावणेचार कि.मी. हा वेग कमी का होतो? गर्दी, ऊन, चढ ही कारणे तर आहेतच. आणखीही एक कारण आहे. ते मला पुस्तकात नाही, वाटेवर कळले.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र या वाटेने चाललो. आदल्या दिवशी ठाण्याहून गाडीने पुण्याला गेलो. पहाटे भवानी पेठेतून पालखीबरोबर निघालो. आमच्यातल्या सर्वांत वडील मित्राला आम्ही ‘नाना’ म्हणतो. नानांनी त्या दिवसासाठी मुद्दाम नवी चप्पल घेतली होती.

शिंदे छत्री गेली, हडपसर आले. येथे दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, तर माउलींची सासवडकडे वळते. पुढे उरुळी देवाची आणि मग वडकी नाला. येथे दुपारचा विसावा झाला. कोणी केळी वाटत होते, कोणी शेंगदाण्याचे लाडू. नाना जरा गप्प गप्प होते. आम्ही म्हणालो, ‘‘उपवास लागला असेल.’’ विचारले मात्र कोणीच नाही.

मग दिवे घाट लागला. खाली मस्तानी तलाव, वर नागमोडी रस्ता आणि त्यावर माणसेच माणसे. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, कारण एका जोडीला हा चढ झेपत नाही. टाळ-मृदंगाच्या नादात आमचे पाय आपोआप उचलत होते. आम्ही तिघे भराभर वर चढलो. झेंडेवाडीला चहाला थांबलो तेव्हा कोणीतरी म्हणाले, ‘‘अरे, नाना कुठं आहेत?’’

नाना मागे नव्हते. मोबाइल लावला, पण गर्दीमुळे लागेना. एक जण परत खाली निघाला. पण लाखो माणसे वर येत असताना एकट्याने खाली जाता येते काय? शंभर पावलांतच तो परत आला. आम्ही रस्त्याकडेला एका दगडावर उभे राहून येणारा एकेक चेहरा बघत राहिलो. दीड तास गेला. त्या दीड तासात आम्हा तिघांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. नानांना मधुमेह आहे, हे आम्हाला ठाऊक होते.

मग एका दिंडीच्या मागच्या रांगेत नाना दिसले. एका पायाला पंचा गुंडाळलेला, हातात कोणाची तरी काठी. शेजारी डोक्यावर तुळस घेतलेली परभणीकडची एक आजी होती.

झाले होते असे की, नव्या चपलेने वडकीच्या आधीच टाचेला फोड आला होता. घाटात तो फुटला. नाना कठड्याला टेकून बसले. आजीने त्यांना पाहिले, पाणी दिले, साखर खायला लावली आणि आपल्या दिंडीत घेतले. दिंडीने चाल हळू केली.

आम्ही म्हणालो, ‘‘नाना, पाय दुखतोय हे सांगायचं नाही का?’’

नाना म्हणाले, ‘‘तुम्ही एवढे आनंदात होता. म्हटलं, कशाला अडवायचं?’’

तेव्हा आजी म्हणाली, ‘‘माउली, पायाला बोलता येत नाही, तोंडाला येतं. अन् तुम्ही तिघं, तुम्हाला मागं बघता येत नव्हतं का?’’

आम्ही खाली मान घातली. दुसरे काय करणार?

दिंडी कशी चालते?

मग आम्ही आजीच्या दिंडीबरोबरच सासवडपर्यंत चाललो, आणि वेग का कमी असतो ते समजले. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंग वाजवणारा, मागे वीणेकरी आणि तुळस घेतलेल्या बायका. अभंगाच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले पडतात. जो सर्वांत हळू चालतो, त्याला जमेल असाच ठेका धरतात. म्हणून सत्तर वर्षांची आजीही ३० कि.मी. चालते.

सासवडला अंधार पडता पडता पोहोचलो. हे गाव कऱ्हा नदीच्या काठी आहे. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची समाधी येथे आहे. पालखी तळावर समाज आरती होती. चोपदाराने दंड वर केला आणि काय सांगू, एवढा मोठा जमाव एका क्षणात शांत झाला! फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. मी आजीला विचारले, ‘‘हे का थांबत नाहीत?’’ ती म्हणाली, ‘‘त्यांची काही तक्रार आहे.’’ वारीत अशी रीतच आहे. ज्या दिंडीची अडचण असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो आणि ऐकून घेतो. मगच टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात, आणि मग आरती होते.

मी नानांकडे पाहिले, नानांनी माझ्याकडे. ज्याला अडचण आहे त्याने टाळ वाजवायचा, आणि बाकीच्यांनी ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही. आमच्या चौघांच्या दिंडीत नानांनी टाळ वाजवला नव्हता, आणि आम्ही दंड वर केला नव्हता.

लक्षात ठेवा

१. लांब चालायला नवी चप्पल किंवा नवे बूट घालू नयेत. जुनी, सवयीची वापरावीत.
२. फोड आला तर फोडू नये. धुऊन, कोरडा करून स्वच्छ कापड बांधावे.
३. उन्हात थकवा आला तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.
४. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते निघतानाच ठरवावे.
५. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घ्यावे. दर तासाला प्रत्येकाला विचारावे, ‘‘काही दुखतंय का?’’

करून पाहा

१. शाळेच्या मैदानात १० मीटर अंतर मोजा. ते चालायला तुम्हाला किती पावले लागतात? त्यावरून पुणे ते सासवड किती पावले होतील ते काढा.
२. पाच-पाच जणांचे गट करा. मैदानाला एक फेरी आधी आपापल्या वेगाने घाला, मग सगळे एकत्र राहून घाला. दोन्ही वेळा लिहून ठेवा.
३. घरातले कोणी कार्ल्याला किंवा पंढरपूरला पायी गेले असेल तर त्यांना विचारा : ‘‘वाटेत मागे कोण राहिलं होतं? त्याच्यासाठी कोण थांबलं?’’ उत्तर पाच ओळींत लिहून आणा. चांगली उत्तरे याच फलकावर लावू.