काम कोणाचे? : जबाबदारीच्या वाटणीचा एक पाठ

माणसे कमी पडतात म्हणून सार्वजनिक कामे अडतात, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो. माणसे पुरेशी असतात, सद्भावही असतो. परंतु अमुक एक काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते. ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण याच दोषावर बोट ठेवते. हल्ली अनेक संस्था आपली कामे संगणकावरील किंवा मोबाइलवरील कार्य-व्यवस्थापन प्रणालीत नोंदवतात. त्या नोंदीत कामाचा धनी कसा नेमावा, एवढाच या पाठाचा विषय आहे.

१. आपल्या भागाला याची गरज का?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे म्हैसूर राज्यात आले. नातीगोती मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली. आज एखाद्या कुटुंबाचे घर भालकीस किंवा आळंदेस असते, आजोळ उदगिरास, आणि मुले पुण्यास वा हैदराबादेस नोकरीत. अशा कुटुंबांच्या संस्थेचे कार्यकारी मंडळ एका जाजमावर क्वचितच बसते. निम्मे निर्णय दूरध्वनीवर होतात आणि ‘पाहू’, ‘करू’ या शब्दांत विरून जातात. म्हणून लेखी वाटणी हवी.

२. इतिहासाचा दाखला

बीदर शहरातील महमूद गावानाचा मदरसा (१४७२) आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. बहमनी राज्याच्या या वजिराने चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला व बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे सोपवले. कोणत्या किल्ल्याचा जाब कोणी द्यायचा, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ज्यांचे अधिकार आटले ते अर्थातच दुखावले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, विरोधकांनी गावानाच्या शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला व त्यावर राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतान तिसरा महंमद याने शिक्का ओळखला आणि १४८१ मध्ये गावानाचा शिरच्छेद करवला. शिक्का एकाचा, मजकूर दुसऱ्याचा. प्राण मात्र शिक्केवाल्याचे गेले.

पुढे १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांचा कानुजाबता झाला. जमाखर्च अमात्याकडे, राजपत्रांची तपासणी सचिवाकडे, परराज्यांशी व्यवहार सुमंताकडे, अशी कामे लेखी वाटली गेली. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तबाची मुद्रा उठे. मजकूर येथे संपला, असा तिचा अर्थ. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्याच रिवाजातला.

३. कामाशी माणसाची चार नाती

कोणत्याही कामाशी माणसे चार प्रकारे बांधलेली असतात : काम करणारा, जाब देणारा, सल्ला देणारा आणि ज्याला कळवायचे तो. उदाहरणार्थ, मराठी माध्यमाच्या एका विद्यार्थिनीचा कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरायचा आहे. उत्पन्नाचा दाखला तिचे वडील आणतील, कन्नड मजकूर जाणकार शिक्षक समजावून देतील, अर्ज एखादा तरुण सभासद संगणकावर भरील, चिटणिसांना केवळ कळवावे लागेल. इतके हात लागूनही ‘अर्ज मुदतीत गेला काय?’ या प्रश्नाला उत्तर देणारा एकच असला पाहिजे. करणारे अनेक चालतील. जाब देणारे दोन झाले की प्रत्येकास वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल.

४. नोंद करण्याचे नियम

(अ) एका कामापुढे एकच नाव लिहावे. असाना व जिरा या प्रणालींत एका कामाला एकच धनी नेमता येतो. बाकीच्यांना केवळ वार्ता मिळेल अशी सोय असते. ट्रेलोत एका कार्डावर अनेक नावे लावता येतात. तेथे जाब कोणाचा, हे मजकुरात वेगळे लिहावे.

(आ) ‘कार्यकारी मंडळ’ किंवा ‘सर्व सभासद’ हे नाव नव्हे. काम दोघांचे असेल तर त्याची दोन कामे करावीत.

(इ) ‘शिष्यवृत्ती’ हे काम नव्हे, विषय झाला. ‘अर्ज अमुक तारखेपर्यंत भरून पोच घेणे’ हे काम होय. कृती आणि तारीख दोन्ही हवीत.

(ई) ज्याचे नाव लिहायचे त्याचा होकार आधी घ्यावा, आणि जबाबदारीबरोबर अधिकारही द्यावा. वसतिगृहाचे छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करण्यास सांगून पत्र्याचे दोन तुकडे आणण्याचीही मुभा न देणे, हे काम सोपवणे नव्हे, माणसास अडकवणे आहे.

(उ) परगावी जाणाऱ्याने काम दुसऱ्याच्या नावावर करूनच निघावे.

(ऊ) आपला पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये. प्रणालीत नाव पासवर्डवाल्याचे उमटते, हात कोणाचाही असो. गावानाचा शिक्का येथे आठवावा.

(ए) ज्या वडीलधाऱ्यांना मोबाइल वापरणे जमत नाही, त्यांच्यासाठी यादी कागदावर काढून मासिक सभेत वाचून दाखवावी.

५. उपसंहार

यंत्र आठवण देते. वाटणी करीत नाही. ती माणसांनीच समोरासमोर, संकोच सोडून करावयाची असते. आपल्याकडे वडीलमाणसाच्या नावापुढे काम लिहिणे अवघड वाटते, म्हणून रकाना रिकामा राहतो. पण त्या रिकाम्या रकान्याची किंमत त्या विद्यार्थिनीला भरावी लागते. मुदत टळते, तिचे वर्षाचे साहाय्य बुडते, आणि चौकशी केली तर दोष कोणाचाच निघत नाही.

अभ्यास : मागील सभेचे इतिवृत्त घ्यावे. प्रत्येक ठरावापुढे जाब देणाऱ्याचे एक नाव व एक तारीख लिहावी. ज्या ठरावापुढे नाव सुचत नाही, तो ठराव अजून झालेलाच नाही असे समजून पुढील सभेत प्रथम घ्यावा.