दहा इंची पोळपाट दहा इंचीच कसा कापायचा?



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाचे बारा पोळपाट दुकानदाराने टेप लावून मोजले आणि परत केले. ऑर्डर दहा इंचाची होती, माल पाव इंचाने कमी भरला. शेवटी ते कमी भावात द्यावे लागले. यात गटातल्या ताईंची काही चूक नव्हती. माप मी सांगितलं होतं, आणि ते चुकीच्या जागेवरून धरलं होतं. म्हणून हा पाठ मीच लिहिते आहे.

राऊटर मशीन हाताने गोल फिरवून गोल येत नाही, हे तुम्ही करून बघितलंच आहे. त्याला जिग लागते. नाव इंग्रजी आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची. रांगोळीचं मोठं वर्तुळ काढताना मध्ये दोरी धरून ठेवतो आणि दुसरं टोक फिरवतो ना, तेच काम. फक्त दोरीच्या जागी प्लायची पट्टी आणि बोटाच्या जागी खिळा.

पट्टीसाठी 6 मिमी जाडीचा, साधारण दीड फूट लांब आणि मशीनच्या बुडाइतका रुंद प्लाय घ्या. मशीनच्या बुडाची काळी तबकडी स्क्रू काढून सोडवा, प्लायच्या एका टोकावर ठेवा, भोकांच्या खुणा करा. मधे बिट बाहेर यायला मोठं भोक पाडा. मग तबकडीच्या जागी पट्टी बसवा. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडाली पाहिजेत, नाहीतर लाकडावर ओरखडे उठतात.

आता माप. दहा इंच म्हणजे 254 मिमी, त्याची निम्मी त्रिज्या 127 मिमी. हे 127 कुठून मोजायचं? मी बिटाच्या मध्यापासून मोजायला सांगितलं होतं. पण आपलं बिट 6 मिमी जाड आहे, त्यातलं 3 मिमी आतल्या बाजूचं लाकूड खातं. सगळीकडून 3 गेले म्हणजे व्यासात 6 मिमी गेले. हाच तो पाव इंच! पोळपाट हवा असेल तेव्हा बिटाच्या खिळ्याकडच्या कडेपासून मोजायचं. प्लग काढलेला असताना बिट हाताने फिरवा, धारेचं पातं खिळ्याच्या दिशेला आणा, त्या धारेला पट्टी टेकवून 127 वर खूण करा आणि तिथे खिळ्याचं भोक पाडा. उलट, फळीत गोल भोक हवं असेल, तर बिटाच्या लांबच्या कडेपासून मोजायचं. आणि चांगली फळी लावण्याआधी रद्दी तुकड्यावर एक गोल कापून टेपने मोजाच. मी हे केलं असतं तर बारा वाचले असते.

खिळ्याचं भोक पोळपाटाच्या खालच्या बाजूला घ्या, आरपार नाही. 18 मिमी फळीत 7-8 मिमी पुरतं. नंतर भुसा आणि गोंद भरला की झालं, पोळी लाटायची बाजू स्वच्छ राहते. म्हणजे फळी पालथी ठेवून कापायची. खाली एक जुनी फळी ठेवा आणि दोन्ही मिळून टेबलाला क्लॅम्पने आवळा.

एका फेरीत पूर्ण खोल जाऊ नका. बिट तापतं, लाकूड जळून काळं पडतं, मशीन हाताला झटके देतं. एका फेरीला 3 मिमी. मशीन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, न थांबता फिरवा. एका जागी रेंगाळलात की तिथे डाग पडलाच. वायर पायात किंवा पट्टीत गुंडाळली जाते, ती खांद्यावरून मागे सोडा.

शेवटच्या फेरीकडे मात्र नीट लक्ष द्या. लाकूड पूर्ण कापलं की गोल सुटा होतो, सरकतो, आणि फिरतं बिट त्याच्यात घुसतं. म्हणून पाच फेऱ्यांत 15 मिमी झाले की सहाव्या फेरीत फक्त 1 मिमी खाली जा आणि थांबा. उरलेला 2 मिमीचा पापुद्रा बारीक पात्याच्या हातकरवतीने सोडवा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. वेळ थोडा जास्त जातो, पण बोटं शाबूत राहतात.

मशीनवर उभं राहताना पदर खोचलेला, वेणी अंबाड्यात, ओढणी आणि बांगड्या बाजूला. मंगळसूत्रसुद्धा ब्लाउजच्या आत. एका काकूंनी विचारलं, “हिरवा चुडा पण काढायचा?” हो काकू, तेवढा वेळ काढायचा. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. बिट बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. बिट पूर्ण खाली टेकवू नका, किंचित वर उचलून मग पाना आवळा, म्हणजे नीट पकडतं.

अजून एक. पोळपाट अखंड लाकडाचाच करा. प्लाय किंवा एमडीएफ ओल लागली की फुगतं, आणि त्यातला गोंद पोळीखाली नको.

पुढच्या मासिक बैठकीला मी 127 ची खूण केलेली पट्टी घेऊन येते. तुमच्या मशीनची काळी तबकडी सोबत आणा, भोकं तिथेच जुळवून घेऊ.