ओटीवरचे बी आणि आपली नातवंडे



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की दरवर्षी आम्ही काही ना काही सोडायला सांगतो: मटण-मासळी, गोडधोड, टीव्ही. ह्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील आजी-आजोबांना एक काम सुचवीत आहोत. नातवंडांना जवळ बसवून घरात फुलांचे बी टाका. सोडायचीच झाली तर थोडी घाई सोडा.

थंड देशांत मुलांकडे राहून आलेल्यांनी मार्च महिन्यात खिडकीशी मांडलेले मातीचे ट्रे पाहिले असतील. तिथे बाहेर गारठा असतो, म्हणून बी घरात रुजवतात. आपल्या वसईत भीती उन्हाची, कोंबड्यांची आणि साळुंक्यांची. तेव्हा ओटी किंवा सकाळचे कोवळे ऊन येणारी खिडकी बरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हे जमण्यासारखे आहे.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन तळाला तीन-चार भोके पाडा. दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरा. झेंडू (आपला गोंडा), झिनिया, तेरडा ही बिया रुजायला सोपी फुले. गुलबक्षीच्या बीचे कवच टणक असते, ते रात्रभर भिजत ठेवावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावे, त्याहून खाली नको. मुलांची बोटे ते पार तळाला ढकलतात, तिथे आजोबांनी लक्ष द्यावे. पाणी शिंपडावे, ओतू नये. ओल फार झाली की कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. बागायतदार त्याला मर म्हणतात. मार्चच्या उबेत झेंडू आणि झिनिया साधारण चार ते आठ दिवसांत वर येतात. तीन-चार आठवड्यांनी चार खरी पाने आली की रोप कुंडीत किंवा वाडीत लावावे. आता टाकलेले बी मे महिन्यात फुलावर येते, आणि मे हा पवित्र मरियेचा महिना आहे.

नाताळच्या गोठ्यासाठी आपण नाचणी पेरतो, ती आठवड्यात हिरवीगार होते आणि सण संपला की टाकून देतो. फुलाचे तसे नाही.

एका घरी भेटीला गेलो असता पाच वर्षांच्या मुलीने तिसऱ्याच दिवशी बी उकरून काढलेले पाहिले. “आलं का ते बघत होते,” ती म्हणाली. कोंब फुटला होता, तो मोडला. सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो: बी म्हणजे झाड नव्हे, पण झाड होण्याची क्षमता त्यात खरोखरच असते. परीक्षेपुरते ते पाठ केले होते. मार्कच्या शुभवर्तमानात (४:२६-२९) प्रभू हेच किती सोपे करून सांगतो! माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो आणि ते कसे वाढते हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

आजी-आजोबा आमच्याकडे येऊन डोळ्यांत पाणी आणून सांगतात, “फादर, नातवंडं मिस्साला येत नाहीत, संध्याकाळी माळेला बसत नाहीत. आमचंच काहीतरी चुकलं.” त्यांचे दुःख खरे आहे. पण आपल्यातले काहीजण रोज उकरून पाहतात. फोन लागला की पहिला प्रश्न, “मिस्साला गेलास का?” पोराला आजीचा फोन घ्यायचाच कंटाळा येतो. विचारूच नये असे आमचे म्हणणे नाही. आधी जेवलास का, हे विचारावे. तीमथ्याच्या आजीचे, लोईसचे, नाव बायबलमध्ये एकदाच येते (२ तीमथ्य १:५). तिने नातवाला काय आणि कसे शिकवले, ह्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. तिचा विश्वास नातवात उतरला, एवढेच संत पौल नोंदवतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला, तो संत योआकीम व संत ॲना ह्यांच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपास येतो. त्या दिवशी लोईसचीही आठवण करावी.

आता न रुजलेल्या बीविषयी. दहा टाकली तर एखाददुसरे वर येतच नाही. नात रडू लागते, म्हणून आजोबा रात्री गुपचूप त्या पिशवीत दुसरे रोप आणून लावतात. प्रेमापोटीच करतात, पण आमच्या मते हे करू नये. “हे बी मेलं का?” असे तिने विचारले तर खरे सांगावे: जुने बी कधी कधी रुजत नाही, आपल्यालाही वाईट वाटते, चल, दुसरे टाकू. हीच मुले पुढे कधीतरी आपल्या शवपेटीशी उभी राहणार आहेत. तेव्हा आपण सांगितलेल्या पुनरुत्थानावर त्यांनी विश्वास ठेवायचा, तर साध्या पिशवीच्या बाबतीत तरी आपण त्यांना फसवलेले नसावे.

शाळेत विज्ञान शिकणारा नातू कदाचित अडवील. योहानच्या शुभवर्तमानात (१२:२४) गव्हाचा दाणा मरतो असे आहे, पण रुजणारा दाणा तर जिवंत असतो! त्याला गप्प बसवू नका, तो बरोबर बोलतो आहे. प्रभू शेतकऱ्याच्या भाषेत बोलला. मातीत गेलेला दाणा पुन्हा दाणा म्हणून आपल्या हाती येत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. उगवलेल्या रोपाच्या बुडाशी बीचे रिकामे टरफल शोधून त्याला दाखवा.

झेंडू व झिनियाचे बी कागदी पुड्यांत बांधून सॅक्रिस्टीबाहेरच्या टेबलावर ठेवले आहे. घरटी एक पुडी घ्यावी. ज्यांची नातवंडे मुंबई-पुण्याला असतील त्यांनी दोन घ्याव्यात, एक पाकिटात घालून पाठवून द्यावी. ज्या घरी नातवंडे नाहीत, त्यांनी शेजारच्या मुलांना बोलवावे.