विचारून थांबावं

हे नोकरीतून मोकळे झाले आणि मुलीचंही लग्न झालं, तेव्हा घरातल्या ईको गाडीत मागे प्लायवूडच्या सुट्या फळ्या टाकून आम्ही दोघं बाहेर पडायला लागलो. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण येतं आणि तिथून गुहागर, दापोली, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत सगळी किनारपट्टी मोकळी असते. हिवाळ्यात कधी बदामी-हंपीकडेही जातो. अशा प्रवासाला निघू पाहणाऱ्या जोडप्यांचे बरेच प्रश्न येतात. बहुतेकांना गाडीत काय काय बसवलं ते हवं असतं. तेही सांगते. पण गाडीतला संसार सामानावर कमी आणि विचारण्यावर जास्त चालतो, हे मला आधी सांगायचं आहे.

१. मुक्कामाची जागा दिवसाउजेडी आणि विचारून ठरवावी.

आम्ही पाचच्या सुमारास गावात शिरतो. अंधार पडल्यावर अनोळखी गाडी गावाच्या कडेला उभी राहिली की गावाला धास्ती वाटते, आणि ती रास्तच आहे. उजेडात आलं की माणसं भेटतात, चेहरे दिसतात. देवळाचं आवार असेल तर गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारायचं, गावठाणाची मोकळी जागा असेल तर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना. कुणाच्या बागेची कड असेल, तर मालक सापडेपर्यंत गाडीचं दारसुद्धा उघडायचं नाही. मालक मुंबईला असेल तर शेजाऱ्याकडून त्याला फोन लावायचा. विचारताना आधी आपलं गाव, आडनाव, कुठून आलो, कुठे निघालो आणि सकाळी किती वाजता हलणार, एवढं सगळं सांगून टाकावं. "एक रात्र गाडी लावू का? स्वयंपाक गाडीतच करू, कचरा बरोबर नेऊ," या वाक्याने दार उघडतं.

विचारल्याचा फायदा परवानगीपुरता नसतो. कुठली विहीर गोडी, कुठल्या पाणंदीत गाडी रुतते, रात्री रानडुकरं कुठून उतरतात, हे नकाशात नसतं. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही माडांच्या खाली गाडी लावत होतो. एक आजी लगबगीने आल्या. "अगो, तिथं नको, नारळ पडतील. हकडं अंगणात घे गाडी." मग त्या अंगणातच राहिलो. अशा ठिकाणी पैसे पुढे केले तर माणसं दुखावतात. म्हणून आम्ही घाटावरचा गूळ, शेंगदाणे किंवा ज्वारी बरोबर ठेवतो. जिथे घरगुती राहण्याजेवणाचा व्यवसाय आहे, तिथे मात्र आवारात गाडी लावण्याचे आणि न्हाणीघराचे पैसे आधी ठरवून, चोख द्यायचे.

कुणी नाही म्हणालं तर वाद घालू नये. नुसता एक टप्पा गाठायचा असेल, तर हमरस्त्यावरचा मोठा पेट्रोल पंप उत्तम. रात्रभर दिवे असतात, माणसं जागी असतात. पिण्याचं पाणी, टायरची हवा आणि शौचालय या सोयी पंपाने मोफत द्यायच्याच असतात. तिथेही कर्मचाऱ्यांना विचारून कडेला उभं राहावं, म्हणजे रात्री आलेल्या ट्रकची अडचण होत नाही.

२. पाण्याच्या फार जवळ जाऊ नये.

गाडीतून थेट समुद्र दिसावा, असं प्रत्येकाला वाटतं. तरी पुळणीवर गाडी उतरवू नये. वाळूत चाकं रुततात, तिथली वनस्पती आणि खेकड्यांची बिळं चिरडतात, आणि वेळासपासून दक्षिणेकडे अनेक किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. हा किनारा आपल्या आधी त्यांचा आहे.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीची रेघ ओलांडून वर येतं. खाडीच्या काठी दुपारी कोरडी दिसणारी सपाट जागा मध्यरात्री पाण्याखाली असू शकते.

धरणाखालच्या नदीपात्रातही तसंच. कोयनेच्या आणि वारणेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण शहरातून आलेल्यांना सांगावं लागतं: वरून पाणी सोडलं की आकाश निरभ्र असतानाही पात्र भरतं. पात्रात मुक्काम करायचाच नाही.

खाड्यांवरून पलीकडे जायला मात्र फेरीबोटीसारखं सुख नाही. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा बोटींवर गाडी चढवली की लांबचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, आणि मग वर जाऊन दोघांनी खाडीचा वारा खावा.

३. झोपताना इंजिन बंद, काच उघडी.

याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वटकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं चौकशीत निघालं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं होण्याची संधीच देत नाही. उकडतंय म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं म्हणजे जीव पणाला लावणं आहे. आमच्या खिडक्यांना जाळी शिवून घेतली आहे. समोरासमोरच्या दोन काचा चार बोटं खाली ठेवतो. त्याने उकाडा कमी होतो आणि पहाटे काचांवर आतून पाणीही धरत नाही.

गॅसचंही तितकंच जपावं. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून न जाता गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला, आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर कायम बंद. शेगडी शक्यतो बाहेर, दाराच्या आडोशाला. पाऊस आला तर आत, पण सरकतं दार पूर्ण उघडून. तिन्हीसांजेला वारा सुटला आणि शेगडी लागत नसली, तर दार लावून घेण्याऐवजी आम्ही दूध-पोह्यांवर भागवतो.

४. गाडी कापण्याआधी आरटीओत जावं.

सुट्या फळ्या, पेट्या, गाद्या यांनी आमचं काम भागलं. छत उंच करणं, आसनं कायमची काढणं, खिडक्या पाडणं अशा मूळ रचनेतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद व्हावी लागते. कारागीर म्हणतो "चालतंय की." अपघात झाल्यावर विमा कंपनी तसं म्हणत नाही.

५. स्वयंपाक कमी पाण्याचा असावा.

फ्रिज नको, असं माझं ठाम मत आहे. रोज ताजं मिळतं त्या मुलखात शिळं कशाला साठवायचं? माझ्या पेटीत थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजलेला रवा, लसणाची चटणी, आमसुलं आणि आंबेमोहोर असतो. दोन लिटरचा कुकर, एक तवा, एक पातेलं. एका कुकरात मऊभात, एका पातेल्यात कुळथाचं पिठलं, वर कच्चा कांदा: जेवण तयार, आणि घासायला दोनच भांडी. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करून तो जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते. तांदूळ-डाळ आतल्या वाफेवर शिजते आणि गॅस वाचतो.

भाजी गावातून घ्यायची. हर्णैला मासळीचा लिलाव पाहावा, पण दोघांपुरती मासळी कडेला बसलेल्या मावशींकडून घ्यावी आणि त्यांच्याकडूनच साफ करून घ्यावी, म्हणजे गाडीत वास राहत नाही. आणि दोन दिवसांतून एकदा तरी गावातल्या खानावळीत जेवावं. आपण ज्या गावाचं पाणी वापरतो, त्या गावात चार पैसे खर्च व्हायला हवेत.

६. बायकांच्या सोयीचं आधी ठरवावं.

हा मुद्दा सगळे टाळतात. पुरुष झाडाआड जाऊन येतो. बाई मात्र दिवसभर पाणी कमी पिते आणि मग मूत्राशयाला संसर्ग होतो. आमच्या प्रवासाचं वेळापत्रक घाटांवर आणि देवळांवर आखलेलं नसतं, स्वच्छ शौचालयांवर आखलेलं असतं. सकाळी निघताना दुपारचं आणि संध्याकाळचं ठिकाण ठरलेलं असतं. रात्रीसाठी गाडीत घट्ट झाकणाचा फिरता कमोड आहे. तो शौचालयातच रिकामा करायचा, विचारून. ओढ्यात किंवा झुडपात कधीही नाही. ज्या पुरुषाला बायकोला घेऊन असं हिंडायचं आहे, त्याने गादीच्या आधी हा कमोड विकत घ्यावा.

पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, एक पिण्याचा आणि एक वापराचा. तांब्याने अंघोळ केली तर अर्ध्या बादलीत छान होते.

७. विजेचा हिशेब कागदावर करावा.

गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, राहण्याची वेगळी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत १,२०० वॉट-तास मावतात. ती टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० वॉट-तास. २० वॉटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तर १६०. दिवे आणि फोन धरले तरी दोन रात्री निघतात. इंडक्शन शेगडीचं नाव काढू नये. छतावर पत्रा आहेच, तिथे सोलर पॅनल बसतं.

८. एकमेकांनाही विचारावं.

घरात चार खोल्या असतात. गाडीत एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळते. इतकी वर्षं संसार केला, पण हे सकाळी उठल्यावर तासभर बोलत नाहीत, हे मला गाडीत राहायला लागल्यावर नीट समजलं. घरी मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. आता त्या वेळात मी गावातून चक्कर मारून येते. आम्ही दोन घडीच्या खुर्च्या नेतो आणि कधीकधी त्या मुद्दाम लांब लांब ठेवतो.

एक नियम दोघांनी पाळला आहे. मुक्कामाच्या जागी दोघांपैकी एकालाही बरं वाटलं नाही, तर कारण न विचारता पुढे निघायचं. "अहो, इथे नको" एवढं म्हटलं की हे गाडी सुरू करतात. ह्यांनी "अगं, निघू या" म्हटलं की मी उकळलेला चहा थर्मासमध्ये ओतते. गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे, घाटातसुद्धा. आणि औषधं, कागदपत्रं, जॅक कुठे आहे हे दोघांनाही अंधारात सापडलं पाहिजे. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या पुढे जात नाही. जास्त झालं की बोलणी कडवट होतात.

९. कचरा बरोबर न्यावा.

गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला २०१९ पासून बंदी आहे. तेव्हा एकट्याला दोन हजार, घोळक्याला दहा हजार रुपये दंड ठेवला होता. काहीजण यावर चिडतात. मला तो नियम पटतो, कारण किनाऱ्यांवर चुलीचे दगड, बाटल्यांच्या काचा आणि उष्ट्या पत्रावळ्या मी पाहिल्या आहेत. सुका कचरा तालुक्याच्या गावापर्यंत न्यायचा, ओला विचारून परसातल्या खड्ड्यात टाकायचा.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याचा लाभ मोठ्या रिसॉर्टपुरता न राहता गावांनाही व्हावा, म्हणून किनाऱ्यावरच्या आणि घाटातल्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: चार गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा, एक नळ, एक दिवा आणि कुलूप लागेल असं एक स्वच्छ शौचालय, एवढंच करा. एका रात्रीचे दर फळ्यावर लिहा, बचत गटाच्या बायकांकडे ते काम सोपवा आणि पावती द्या. आमच्यासारखी माणसं ते पैसे आनंदाने देतील.