सभागृहात कारखान्याचं नाव घेतलं, तर?

प्रश्न : वालधुनी नदीत रसायनं सोडणाऱ्या एखाद्या कारखान्याचं नाव आमच्या आमदारांनी विधानसभेत घेतलं, तर मालक त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावू शकतो का? आणि हेच आमच्या नगरसेवकाने महासभेत म्हटलं, तर?
– एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : आमदारांवर दावा चालणार नाही. विधिमंडळात किंवा त्याच्या समितीत सदस्य जे बोलेल आणि जे मत देईल, त्याबद्दल कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही, असं राज्यघटनेचं कलम १९४ सांगतं. खासदारांना हेच संरक्षण कलम १०५ देतं. लोकसभेतल्या भाषणावरून भरलेला तेज किरण जैन यांचा नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये याच आधारावर फेटाळला.

मात्र हे कवच सभागृहापुरतंच. तेच आमदार विधान भवनाच्या पायऱ्यांवर वाहिन्यांच्या माइकसमोर तेच बोलले, की ते तुमच्याआमच्यासारखेच नागरिक. म्हणून तर आरोप झालेला माणूस लगेच ‘हे बाहेर येऊन बोला’ असं आव्हान देतो. आतही मोकाट सुटता येत नाही. लोकसभेच्या नियम ३५३ प्रमाणे कोणावर बदनामीकारक आरोप करायचा, तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते. अध्यक्ष एखादं वाक्य कामकाजातून काढूनही टाकू शकतात. ही शिस्त मला रास्त वाटते. ज्याचं नाव घेतलं जातं, तो उत्तर द्यायला तिथे हजर नसतो.

पण सभागृहातलं बोलणं बाहेर पोचलंच नाही, तर अंबरनाथच्या माणसाला त्याचा काय उपयोग? ही अडचण मुंबईत जन्मलेल्या खासदार फिरोज गांधींनी ओळखली होती. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी लोकसभेत दालमियांच्या विमा कंपनीचा कारभार उघडा पाडला. खासदार बोलून सुरक्षित, पण तेच छापणारा संपादक मात्र खटल्याच्या भीतीत, अशी तेव्हा स्थिती होती. त्यांनी खासगी विधेयक आणलं आणि १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजाचं खरं वृत्त प्रामाणिकपणे छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंदडा प्रकरण काढलं : आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आणीबाणीत १९५६ चा तो कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला. ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३६१-अ घातल्यावर विधानसभेच्या वृत्तांतालाही तेच संरक्षण मिळालं. आजही द्वेषबुद्धी नसेल आणि वृत्त मूलतः खरं असेल, तर तुमच्या आमदारांचं सभागृहातलं भाषण स्थानिक साप्ताहिक निर्धास्त छापू शकतं. कामकाजातून काढलेले शब्द मात्र छापू नयेत. तो हक्कभंग ठरतो.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ट्राफिगुरा कंपनीच्या भाड्याच्या जहाजातला विषारी कचरा आफ्रिकेत आबिजान शहरात ठिकठिकाणी टाकला गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये खासदार पॉल फॅरेली यांनी त्यासंबंधी संसदेत प्रश्न मांडला, तर कंपनीने मिळवलेल्या मनाई हुकमामुळे ‘गार्डियन’ला तो प्रश्नसुद्धा छापता येईना. लोकांनी तो ट्विटरवर पसरवला आणि कंपनीच्या वकिलांना माघार घ्यावी लागली. आबिजानची हकिकत वाचताना मला नोव्हेंबर २०१४ ची उल्हासनगरची रात्र आठवते. टँकरमधून आणलेलं रसायन वालधुनीत सोडलं गेलं होतं आणि काठावरचे शेकडो लोक गुदमरले होते.

आता पैशाकडे येतो, कारण कोर्टाच्या समन्सपेक्षा पाकिटाचा धोका मोठा आहे. १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या खासदारांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचं उघड झालं. (चौकशी समितीचे अध्यक्ष होते हेच कृष्णम्माचारी.) मुदगलांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते असा ठराव सभागृहाने केला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदार घालवले गेले. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदार होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालामुळे लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला घटनेच्या याच कवचाआड लपता येत होतं. ४ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात ते दार बंद केलं : लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पुरा झाला, मग भाषण केलं काय आणि मत दिलं काय. विकलेल्या प्रश्नाला संरक्षण नाही. गप्प बसण्याबद्दल घेतलेले पैसे पकडणं मात्र फार अवघड. अमुक तारांकित प्रश्न कुणी का विचारला नाही, याची नोंद कुठेच होत नाही.

नगरसेवकाचं काय? कलम १९४ त्याला लागू नाही. उल्हासनगर महापालिकेच्या महासभेत किंवा अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदेत कंपनीचं नाव घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फिर्याद होऊ शकते, दिवाणी दावाही होऊ शकतो. आरोप खरा होता आणि लोकहितासाठी केला, किंवा तो सद्हेतूने केला, हे बचाव त्याला आहेत. पण ते कोर्टात उभं राहून, वकिलाची फी भरून सिद्ध करायचे. कंपनीला खटला जिंकायचीही गरज नसते, तारखा पडत राहिल्या की पुरे. नाला, पाइपलाइन आणि अनधिकृत इमारत सगळ्यांत जवळून नगरसेवकच पाहतो. महासभेत सद्हेतूने बोललेल्या शब्दाबद्दलचा दावा सुरुवातीलाच फेटाळला जाईल, अशी तरतूद राज्याच्या महापालिका आणि नगरपरिषद कायद्यांत झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती करणं विधिमंडळाच्या हाती आहे, आणि तुमच्या आमदारांना ती मागायला कोणाची भीती नाही. तोवर तुमच्या नगरसेवकांना एवढंच सांगा : नाव घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पाण्याच्या नमुन्याचा अहवाल माहिती अधिकारात मिळवा, आणि तो सभेच्या इतिवृत्तात जोडायला लावा.